मऊ ठोका

प्रिय नामजील,

जनावरं धष्टपुष्ट आहेत ना, हिवाळा सुखाचा जातोय ना, असं विचारून पत्र सुरू करायची आपल्याकडची रीत. पण तुझ्याकडे आता एक शेळीसुद्धा उरली नाही असं ऐकते. तेव्हा तुझे टायर धष्टपुष्ट आहेत ना आणि बॅटऱ्या थंडीत तग धरून आहेत ना, एवढं विचारते आणि रीत पाळली असं समजते. 'प्रिय' लिहिताना हात अडखळला होता. मग म्हटलं असू दे, शब्द खोटा नाही, नुसता जुना आहे. समोर एका गाडीच्या पाण्याच्या पंपाला नवं गॅस्केट बसवलंय. त्याचं सोल्युशन सुकेपर्यंत तीन-चार तास मला गाडीला हात लावता येत नाही, तेवढ्यात हे पत्र लिहून होईल. ही गाडी खरं तर आज सकाळीच निघायची होती, मी थांबवली. का थांबवली ते पुढे सांगते.

तुझा निरोप झुंदुईनं आणला. ट्रकमधून कोळसा उतरवता उतरवता, चार माणसांच्या देखत, मोठ्यानं सांगितला. "नामजील म्हणतो, राजधानीत जागा घेतलीये, दोन गाड्या उभ्या राहतील एवढी. तुझा कान, त्याचे हात, वर पाटी. आणि म्हणतो, एकटीनं हिवाळे काढायचं तुझं वय नाही आता." एवढ्यावर थांबेल तर तो झुंदुई कसला. "जा बाई खुशाल," म्हणाला, "पण कान आणणार कुठून? वर्ष झालं, आम्हाला तरी दिसला नाही." सगळे हसले. मीही हसले, कारण आपण हसलो नाही तर चेष्टा लांबते. नुसतं हो किंवा नाही एवढंच सांगायचं असतं तर झुंदुईलाच सांगून मोकळी झाले असते. पण तुझ्या-माझ्या मधे माझ्या भावाचा अर्धा पाय आहे, नामजील. तो ओलांडून मला तुझ्या दुकानात येता येत नाही. आणि त्याबद्दल आपण दोघंही वर्षभरात एका शब्दानं बोललेलो नाही.

बाबा असते तर त्यांनी काय केलं असतं, याचा मी फार विचार केला. सहकारी पथकाच्या गॅरेजात तू आलास तेव्हा तू बावीसचा आणि मी एकोणीसची. बाबांनी पहिल्याच दिवशी तुझ्या हातात पाना दिला आणि माझ्या हातात आमच्या गेरच्या, त्या नमद्याच्या तंबूच्या, छताची एक मोडकी काठी. काठीचं एक टोक चालत्या इंजिनावर टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं आणि डोळे मिटायचे. तू विचारलंस, "काय हो सोदनोम बाबा, पोरगी इंजिन खाणार की काय?" बाबा म्हणाले, "ती चव घेईल, शिजवायचं तू." मला जे काही ऐकू येतं ते त्या काठीनं शिकवलंय. शीळ आली तर फॅनबेल्ट बघावा. ओली घरघर आली तर पाण्याचा पंप. वरून बारीक टकटक आली तर टॅपेट, तिला भिऊ नये, ती बडबड्या म्हातारीसारखी असते, करू द्यावी. खालून जड ठोका आला तर मात्र गाडी जागची हलवू नये. मग तू प्लगच्या वायरी एकेक करून उचलायचास, ज्या वायरीला ठोका दबेल तिथे मी बोट ठेवायचे, आणि मी बोट ठेवलेलं तू डोळे झाकून उघडायचास. बाबा सगळ्यांना सांगायचे की हे दोघं मिळून एक मेकॅनिक आहेत, पगारही एकच द्यायला हवा. त्यांचं ते दुसरं वाक्यही तुला आठवत असेल. गार असताना बोलतं ते इंजिन म्हातारं, गरम झाल्यावर बोलायला लागतं ते आजारी. म्हाताऱ्याला घेऊन हिंडता येतं, आजाऱ्याला घेऊन खिंड चढू नये.

चामड्याचा उपाय आपल्याला त्यांनीच शिकवला. भर माळावर पिस्टनच्या रॉडचं बेअरिंग गेलं आणि नवं मिळायची सोय नसली, तर ड्रायव्हरनं आपल्या कमरेचा पट्टा कापायचा, तुकडा तेलात भिजवून बेअरिंगच्या जागी घालायचा आणि वरून रॉडची टोपी आवळायची. ठोका गप्प होतो. एखादा दिवसच होतो, पण होतो. त्याच्या तीन अटी बाबांनी आपल्याकडून पाठ करून घेतल्या होत्या. जायचं ते फक्त पुढच्या घरापर्यंत. गाडीत जो बसेल त्याला सांगून जायचं. आणि पोचल्यावर, चहाला बसायच्या आधी, चामडं बाहेर काढायचं. "चामड्यानं आवाज मरतो, दुखणं नाही मरत," असं म्हणायचे. एकदा त्यांनी मुद्दाम एका इंजिनात चामडं घालून मला काठी लावायला सांगितली. चार ठोक्यांपैकी तीन बुटातल्या पावलांसारखे, आणि चौथा नमद्याच्या मोज्यातल्या पावलासारखा मऊ. एकदा ऐकला की माणूस तो विसरत नाही.

बाबा गेले, पथक मोडलं, गॅरेजाचे पत्रेसुद्धा लोकांनी वाटून नेले. तू करडी फुरगोन गाडी मिळवलीस आणि राजधानीच्या वाटेला लागलास. निघताना मी तुला याकच्या कातड्याचा पट्टा दिला. एक अख्खा हिवाळा मी तो शिवत होते. काठाला आरीनं भोकं पाडली होती, पाच एकमेकांना लागून, मग एकाची जागा सोडून पुन्हा पाच, आणि त्यांतून जनावराच्या तातीची दुहेरी शिवण. असला काठ या भागात कोणी करत नाही, कारण त्यात डोळे जातात. तू पट्टा बांधून म्हणालास, "वसंतात येतो. तोवर तुझ्या आठवणीनं वाळून दोन भोकं आत गेलो असेन." तुझे वसंत सहा झाले. वर्षातून एक-दोनदा माल घेऊन यायचास, माझ्याकडे चहा प्यायचास, आणि पट्टा दर खेपेला एकेक भोक बाहेरच सरकलेला असायचा. त्यावरून मी तुला चिडवायचे. मी वाट बघते हे तुला माहीत होतं, तुला माहीत आहे हे मला माहीत होतं, आणि तेवढ्यावर माझं भागत होतं.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी तू आलास तो गाडी विकायलाच. माझ्या भावाचं, ओइदोवचं, नुकतंच लग्न झालेलं. डुलमाला घेऊन खिंडीपलीकडे तिच्या माहेरच्या माणसांत राहायचं, गाडीवर चार भाडी मारायची, असं त्याच्या मनात होतं. त्यानं मला विचारलं, "ताई, घेऊ का गं ही गाडी? तू एकदा ऐकशील?" मी काय म्हणाले ते मला शब्द न शब्द आठवतं. म्हणाले, "नामजीलची गाडी आहे, विचारतोस काय येड्यासारखं? ऐकीन निघायच्या दिवशी." त्या वाक्यावर त्यानं आपल्या मेंढ्या तुझ्या हवाली केल्या. मी तुला सांगितलं होतं की निघायच्या दिवशी इंजिन गार असताना एकदा ऐकेन आणि तासभर चालवून गरम झालं की पुन्हा ऐकेन. तू म्हणालास, "ऐक की निवांत. लामांनी दुपारचा मुहूर्त दिलाय, सकाळ सगळी तुझीच."

सकाळी मी काठी घेऊन आले, तर गाडी सुरू होऊन उभी. ओइदोव चाकामागे बसलेला, डुलमा शेजारी, आणि आई नऊ खळग्यांच्या लाकडी चमच्यानं चारी चाकांवर दूध शिंपडत होती. तू पुढे येऊन म्हणालास, "लामांचा निरोप आला, दुपारी दिवस बिघडतोय, आत्ताच निघायला हवं." दूध शिंपडून झाल्यावर वाटसरूपुढे अभद्र बोलायचं नाही. कधी पोचाल असंसुद्धा विचारायचं नाही, हे आपल्याकडे दुधपितं पोरही जाणतं. मग इंजिनात काही आहे का बघू, असं म्हणायची सोयच उरली नाही. मी काठी पाठीमागे लपवली. गाडीचं इंजिन दोन सीटांच्या मधे, वर नमद्याची जाड गोधडी, आणि ती त्या दिवशी चारी कडांनी नीट खोचून बसवलेली. मी दाराशी उभी राहिले. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि मग बराच वेळ अंगरख्याच्या बाह्या सारख्या करत राहिलास. तुझ्या कमरेला निळा कापडी शेला होता. मी ओइदोवला म्हणाले, "चाकं हलकी राहोत रे." गाडी गेली. तूही त्याच दुपारी झुंदुईच्या ट्रकमध्ये बसून राजधानीला गेलास, चहालाही थांबला नाहीस.

खिंडीत काय झालं ते तुला दहा तोंडांनी कळलं असेल, पण ओइदोवच्या तोंडून कळलेलं नाही. तो म्हणतो, "ताई, सपाटीवर गाडी लोण्यासारखी चालली. चढ लागला, इंजिन तापलं, आणि आधी एकच माणूस दार ठोठावतोय असं वाटलं. मग सगळं गावच ठोठावायला लागलं." अगदी माथ्यावर, ओवोपाशी, त्या पूजेच्या दगडांच्या राशीपाशी, इंजिन जाम झालं. उणे अडतीस होतं. त्यानं आधी जादा चाक जाळलं, मग सीटच्या फळ्या, मग तू आणि त्यानं मिळून रंगवलेली मागची बाकं. इंजिनावरची गोधडी आणि स्वतःचा अंगरखा डुलमाला गुंडाळला. स्वतः झोप लागू नये म्हणून ओवोभोवती फेऱ्या मारत राहिला. "तीन फेऱ्या पुण्याच्या मारल्या, बाकीच्या फुकटच्या," असं आता हसत सांगतो. दुसऱ्या दिवशी मिठाचा एक ट्रक तिकडून आला तेव्हा डुलमा धड होती. ओइदोवच्या डाव्या पायाचा पुढचा अर्धा भाग डॉक्टरांनी कापला. डावा पाय म्हणजे क्लचचा पाय आणि घोड्यावर चढताना रिकिबीत जाणारा पाय. सव्वीस वर्षांच्या माणसाची गाडी आणि घोडा दोन्ही एका दिवसात गेली.

आणि माझं काय झालं, तर गावानं ठरवलं की यादमाचा कान गेला. सख्ख्या भावाची गाडी जिला ऐकता आली नाही ती आपल्या गाड्या काय ऐकणार, हे म्हणणं रास्तच होतं. माझ्याकडे येणारे ड्रायव्हर पलीकडच्या गावात जायला लागले. झुंदुईनं तर माझ्या दारातून जाताना ट्रक थांबवून एका बकरीला इंजिन ऐकवलं आणि ती 'ब्यॅ' म्हणाली तेव्हा, "हिचं निदान पटतंय," असं जाहीर केलं. आईचं सांगायचं तर, ओइदोवला दवाखान्यातून आणलं त्या दिवसापासून ती माझ्या हातचा चहा घेताना माझ्याकडे बघत नाही. मी कुणालाच उलट उत्तर दिलं नाही. त्याचं कारण तुला वाटतंय ते नाही, पण आधी तुझं संपवते.

तुझी बाजू सगळ्यात आधी मीच घेतली. मनात म्हणायचे, त्याला तरी काय ठाऊक, इंजिन कधीही दगा देतं. लामांना विचारलं, मुहूर्त सकाळचा झाला असा निरोप तुम्ही पाठवला होता का. ते म्हणाले, छे, मी कशाला. तरी मी म्हटलं, ऐकण्यात चूक झाली असेल त्याच्या. मग पहिल्या महिन्यातच तुझं पार्सल आलं. गाडी ओढून आणून अंगणात बर्फाखाली उभी होती. मी चेंबरचा एक बोल्टही सोडलेला नव्हता. आत काय गेलंय हे मलाच ठाऊक नव्हतं, तर गावाला कुठून असणार. चिठ्ठीत लिहिलं होतं, ओइदोवसाठी, पैसे नकोत. आत बेअरिंगच्या पाकळ्या होत्या, दोनच. एका रॉडला दोन लागतात, चार रॉडच्या इंजिनाला मदत म्हणून पाठवायच्या तर माणूस आठ पाठवतो. दोनच कोण पाठवतो, नामजील? ज्याला ठाऊक आहे की एकच रॉड गेलाय, तोच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी त्या दिवशी माझ्या तळहातावर ठेवून बघितलं.

बर्फ उतरल्यावर इंजिन उघडलं. पहिला रॉड ठीक, दुसरा ठीक, चौथा ठीक. तिसऱ्याची टोपी काढली तर आत काळं, करपून कडक झालेलं चामडं. मला आधी रागही आला नाही. वाटलं, अडचणीत केला असेल उपाय, काढायचा राहिला असेल. पुसायला म्हणून रॉकेलात बुडवलं, काळं सुटलं, आणि काठाला भोकं दिसली. पाच, एकाची जागा सोडून पुन्हा पाच. केसानं गळा कापतात असं ऐकून होते. तू तर माझ्या हातानं शिवलेला पट्टा घेऊन माझ्याच भावाचा पाय कापलास. तीनही अटी तुला पाठ होत्या. पुढच्या घरापर्यंतच जायचं, तर तू खिंडीपलीकडे पाठवलास. बसणाऱ्याला सांगायचं, तर तू त्याच्याकडून मेंढ्या घेतल्यास. आणि मला कळू नये म्हणून मुहूर्त अलीकडे ओढलास, माझ्या आईच्या हातात दुधाचं भांडं दिलंस, कारण माझ्या कानाला फसवता येत नाही पण माझ्या तोंडाला दुधाचं कुलूप लागतं, हे तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मला राग कशाचा येतो सांगू? तू मला अनोळखी माणसासारखं फसवलं नाहीस. तू मला नीट ओळखून फसवलंस.

आता माझं सांगते. मी वर्षभर गप्प का राहिले ते. त्या सकाळी मी दाराशी उभी होते तेव्हा मला ऐकू आलं होतं. गोधडीतून, गार तेलातून, आईच्या पुटपुटण्यातून. तीन ठोके बुटातले आणि एक मोज्यातला. मी तुझ्या कमरेकडे पाहिलं आणि तिथे शेला होता. दोन्ही गोष्टी माझ्या समोर होत्या आणि त्यांची बेरीज करायला मला एक श्वास पुरला असता. मी केली नाही. स्वतःला सांगितलं की दूध शिंपडून झालंय, आता बोललं तर वाटेला दृष्ट लागेल. खरं कारण ते नव्हतं. मी बोलले असते तर सगळ्यांदेखत तू खोटा ठरला असतास, आणि माझे सहा वसंत पण. म्हणून मी 'चाकं हलकी राहोत' म्हणाले. लोक म्हणतात यादमाचा कान गेला. कान जागेवर होता. लोकांना मी तसं म्हणू दिलं, कारण कानानं दगा दिला असं म्हणवून घेणं मला सोपं वाटलं. बहिणीनं दगा दिला हे त्यापेक्षा फार वाईट आहे.

त्यानंतर ती गाडी मी पुन्हा उभी केली. पूर्ण उन्हाळा आणि शरद तिच्यातच गेला. क्रँक घासून घेतला, चारी रॉडना नवी बेअरिंगं घातली, आठच्या आठ पाकळ्या मी स्वतः मागवल्या. तुझ्या दोन पेटीवर ठेवल्यात, त्यांत आई सुया ठेवते. क्लचच्या पेडलला बर्चच्या लाकडाचा ठोकळा बसवला, म्हणजे ओइदोवला टाचेनं दाबता येतो. तो आधी म्हणाला, "ताई, मी आता बैलगाडीचा माणूस." मग महिनाभर रोज अंगणात नुसता क्लच दाबत बसायचा. डुलमा म्हणायची, लग्न माझ्याशी केलंय की पेडलशी. आज सकाळी तो पहिल्यांदा लांबच्या वाटेला निघत होता. निम्मं गाव बघायला आलं होतं. आईनं दूध शिंपडलं, चारी चाकांवर, मग वाटेच्या दिशेला. आणि मला पाण्याच्या पंपातून ओली घरघर ऐकू आली. अगदी बारीक. कदाचित हजार कोस टिकली असती. कदाचित खिंडीपर्यंत.

मी म्हणाले, "ओइदोव, बंद कर गाडी. पंप बोलतोय."

एवढंच म्हणाले, पण दूध शिंपडल्यानंतर म्हणाले. आईच्या हातातून चमचा खाली पडला. झुंदुई म्हणाला, "हिचं डोकं पण गेलं आता." कोणीतरी वाटेवर भांड्यातलं उरलेलं दूध ओतून दोष काढायला धावलं. ओइदोवनं गाडी बंद केली, खाली उतरला आणि त्या सगळ्या गलक्यात मला हळूच विचारलं, "ताई, दूध झाल्यावरही बोलता येतं तर. मग त्या वेळी का नाही बोललीस?" तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मी त्याला गेरमध्ये नेलं आणि सांगितलं, आईच्या समोर. मला ऐकू आलं होतं, मी गप्प राहिले, एका माणसासाठी गप्प राहिले. त्यानं वाकून डाव्या पायातला बूट सारखा केला. त्या बुटाचा पुढचा भाग लोकरीनं भरलेला असतो. मग म्हणाला, "पंप उघडायला पाना कोणता लागेल?" आणि तो पंप आम्ही दोघांनी मिळून उघडला. आतलं बेअरिंग खरंच सुटलेलं होतं, ते बदललं. आई आत्ता माझ्यासमोर चहा ठेवून गेली, आणि ठेवताना तिनं माझ्याकडे पाहिलं.

सोल्युशन सुकलं असेल, म्हणून आता तुझ्या निरोपाचं उत्तर. मी येणार नाही. माझा कान इथंच राहील, आणि तुझे हात काय करतात ते मी पाहिलंय. ओइदोव राजधानीला निघालाय, तिथे त्याच्या पायासाठी लाकडी साचा करून देतात म्हणे. हे पत्र त्याच्याच हाती दिलंय. तू हे वाचत असशील तेव्हा तो तुझ्या दारात उभा असेल, डाव्या पायावर भार न देता. पाकिटात चामड्याचा तुकडा आहे, तो त्यानं पाहिलेला नाही. त्याला मी माझं सगळं सांगितलं, तुझं काहीच सांगितलं नाही. तो अजून म्हणतो, "नामजीलदादालाही कुणीतरी फसवूनच विकली असेल गं ती गाडी." गाडी बंद करू नकोस असं मी त्याला बजावलंय, म्हणजे बाहेर इंजिन चालू असेल. ते ऐक, चारही ठोके आता सारखे आहेत. त्याला आत घे, चहा दे, मीठ बेतानं घाल, त्याला कमी लागतं. मग तुकडा त्याच्या हातावर ठेव आणि तो कोणाच्या कमरेचा आहे ते तुझ्या तोंडानं सांग. तो परत निघेल तेव्हा तू रीतीप्रमाणे त्याच्या चाकांवर दूध शिंपडशील. त्याच्या आधी सांग.

एकेकाळची तुझीच,
यादमा